पान दोनशे बारा

वाशिम, १८ जून २०२४

चि. जगदेव,

तू फोन उचलत नाहीस. मोजले नाहीत, पण पुष्कळदा केले. माझा अंकुर हैदराबादहून आला होता तेव्हा त्याच्या फोनवरून केला, तर तू ‘हॅलो’ म्हणालास आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पोस्टमन दारात आला की तुला त्याला परत पाठवता येत नाही, हे मला माहीत आहे. आधी त्याला पाणी देशील, मग पाऊसपाणी विचारशील आणि मग हातातलं घेशील. घेतल्यावर वाचायचं की नाही ते तुझं तू बघ.

सुचितानं, तुझ्याच बायकोनं, सांगितलं, गावात तुला ‘माळीबुवा’ म्हणायला लागलेत. देवमन वाचनालय उघडतो, ओट्यावर पेपर वाचणारी मंडळी बसलेली असते, आणि तू भाजीची गाडी घेऊन निघालास की कोणीतरी ओरडतं, ‘पळ, थॉर्बीसाहेब येऊन राह्यले.’ याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण त्या रिकामटेकड्यांसाठी सख्ख्या बहिणीशी अबोला धरायचा?

मी तुला सरळ सांगते काय झालं ते. इन्स्पेक्टर थॉर्बीचं हे सतरावं पुस्तक. आधीची सोळा मी मराठीत आणली तेव्हा कोणाला त्याचं काही नव्हतं. या सतराव्यात, ‘बागेतलं बाकडं’मध्ये, ग्रिग नावाचा एक म्हातारा माळी आहे. मूळ इंग्रजीत बाकी सगळे शुद्ध बोलतात आणि हा एकटा तिकडच्या उत्तरेकडची गावंढी बोली बोलतो. आजवर अशी गडीमाणसं आली की मी त्यांना ‘व्हय जी, न्हाय जी’ बोलायला लावायची. तसं कुठेच कोणी बोलत नाही, फक्त पुस्तकातले नोकर बोलतात. या वेळी मला त्याचा वीट आला. म्हटलं, माझ्या कानात एक खरी बोली आहे, तीच देऊ याला. एवढंच.

तो दर वाक्याला ‘पाहाय बरं’ म्हणतो, हे खरं. तू म्हणतोस, हेही खरं. पण केनवडच्या बाजारात घटकाभर उभं राहिलं तर तसं म्हणणारे दहा जण सापडतील.

दुसरं एक. मायला तू सांगितलंस म्हणे की सतरावं पुस्तक अजून आलंच नाही. सोळाही पुस्तकं सुचितानं तिला दुपारची वाचून दाखवली आहेत. त्या साहेबाची काळजी करणारी तिच्याएवढी वाचक अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. ‘हा बाप्पा नुसता चाच पेते, जेवते कव्हा?’ हे तिनं तिसऱ्या पुस्तकात विचारलं होतं आणि मला आजतागायत उत्तर देता आलेलं नाही. तिला का अडवतोस? लोकांनी चिडवलं तर त्यात तिचा काय दोष?

शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. सकाळी उठते, चहा घेते, चार पानं करते, पाठ धरते, पडून राहते. अठरावं पुस्तक टेबलावर येऊन पडलंय, अजून उघडलेलं नाही. फोन कर.

तुझी,
ताई


वाशिम, ७ जुलै

चि. जगदेव,

उत्तर नाही. ठीक. पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस.

प्रकाशकांकडून मोठं पाकीट आलंय, वाचकांच्या पत्रांचं. पूर्वी असं पाकीट आलं की मी दुसऱ्याच दिवशी गावी, रिठदला यायची. तू वाफ्यात पाणी सोडत उभा असायचास आणि मी बांधावर बसून एकेक वाचून दाखवायची. तू पुस्तकं कधी वाचली नाहीस, पण ही पत्रं ऐकून हसायचास. ‘हे लोक इतके रिकामे हायेत?’ म्हणायचास. आता कोणाला वाचून दाखवू? कुकरला? म्हणून तुलाच लिहिते.

साताऱ्याचे एक निवृत्त मामलेदार आहेत, ते दर पुस्तकाला लिहितात. या वेळी लिहितात, ‘पहिली पाच उत्तम, पुढची सात बरी, शेवटची पाच लेखिकेने झोपेत लिहिली असावीत.’ पण अठरावं कधी येणार, हेही खाली विचारलंय. ठाण्याच्या एका गृहस्थांची तक्रार आहे की खून त्र्याण्णवाव्या पानावर होतो आणि तोवर नुसता पाऊस आणि पाद्र्याच्या घरचा केक. नाशिकच्या बाईंना मात्र हेच पुस्तक सगळ्यांत आवडलं, कारण यात थॉर्बीचा गुडघा दुखतो आणि त्यांचाही दुखतो. जिना चढताना तो तीनदा थांबतो ते त्यांनी दोनदा वाचलं म्हणे. खरं सांगू, मलाही ते आवडलं होतं. एवढी वर्षं तो पळतोय, मी त्याच्यामागे पळतेय. दोघंही दमलोय.

आता माळ्याचं. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी ‘इंग्लंडातला माणूस काहून म्हणाला आणि मी पुस्तक मिटलं’ असं लिहिलंय. मग बहुतेक उघडलं असावं, कारण पुढे दोन पानं शेवटाबद्दल आहेत. अकोल्याच्या एकांनी ‘बाई, जीव थंड झाला’ एवढंच पोस्टकार्डावर लिहिलंय. आणि एका हुशार माणसानं लिहिलंय की खुनी कोण ते त्याला खून व्हायच्या आधीच, चाळिसाव्या पानावर कळलं, कारण ‘भाषांतरकार बाईंनी एवढे कष्ट दुसऱ्या कोणावर घेतलेले नाहीत.’ हे वाचून मी पाकीट बाजूला ठेवलं आणि भांडी घासायला गेले.

अंकुर तिकडून फोनवर तारे वाचून दाखवतो. इंटरनेटवर लोक पुस्तकांना तारे देतात, पाचपैकी. आपल्याला तीन आहेत. एकानं एकच तारा दिलाय, त्याचं कारण पार्सल फाटलेलं आलं.

एक पत्र मात्र मी उशाशी ठेवलंय. मेहकरची एक मुलगी आहे, नर्सिंगला शिकते. लिहिते, ‘ताई, पहिल्यांदा पुस्तकातलं मानूस आमच्या घरच्यावानी बोललं. मी आईले वाचून दाखोलं, ती लय हासली. आन मंग तेच खुनी निघालं. आई चूप झाली. तुमी असं काहून केलं?’ मी तिला उत्तर लिहायला चारदा बसले. शेवट मूळ लेखिकेचा आहे, माझा नाही, असं लिहिलं आणि फाडलं. खोटं नाही ते, पण पुरतं खरंही नाही.

मायचं काय? सुचिता म्हणते, ती रोज विचारते. ‘सतरावं नाई आलं? जोत्स्ना आजारी तं नाई?’ मायला वाटतंय मी आजारी आहे, जगदेव. निदान तेवढं तरी तिला सांग.

ताई


वाशिम, ३ ऑगस्ट

जगदेव,

आज खरं लिहिते. आधीच्या दोन पत्रांत मी जे लिहिलं त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि मुद्द्याचं होतं तेवढंच गाळलं होतं. तुलाही ते ठाऊक आहे, म्हणून तू गप्प आहेस. गावातल्या चिडवण्याला तू कधी भीक घालत नाहीस. ओट्यावरच्यांना तू एका वाक्यात गप्प करशील.

तू ते पुस्तक वाचलंस. आयुष्यात पहिलं पुस्तक, आणि शेवटपर्यंत. सुचितानं काल सांगितलं. देवमननं तुला गंमत म्हणून दिलं, ‘पाहा तरी, बहिनीनं तुले पुस्तकात टाकलं’ म्हणून. तू पहिले आठ दिवस हसत वाचत होतास. ग्रिगची वाक्यं सुचिताला मोठ्यानं म्हणून दाखवत होतास. नवव्या दिवशी दोनशे बारावं पान आलं. तू उठलास, उरलेली पानं शेडमध्ये एकट्यानं संपवलीस, पुस्तक तिथल्याच पत्र्याच्या पेटीत टाकलंस आणि जेवला नाहीस.

या सगळ्या वाचकांचं एकाही गोष्टीवर एकमत नाही. ज्यांना पुस्तक आवडलं आणि ज्यांना कंटाळवाणं वाटलं, दोघंही एक वाक्य मात्र उतरून पाठवतात. दोनशे बाराव्या पानावरचं. तो पुण्याचा प्राध्यापकसुद्धा. ‘या एका वाक्यासाठी बाकी सगळं माफ’ असं त्यानं लिहिलंय. ग्रिग कबुली देतो, तिथलं वाक्य.

‘मले वाटलं रुसून बसला. म्या पाह्यलं, पन आवाज नाई देला.’

हे वाक्य मूळ लेखिकेचं नाही. तिनं नुसतं लिहिलंय की मी त्याला पाहिलं आणि तसाच पुढे गेलो. हे वाक्य तुझं आहे. अकरा वर्षांपूर्वी, बाबांच्या तेराव्याच्या दिवशी, पाहुणे जेवायला बसले होते तेव्हा घरामागच्या हौदाशी उभा राहून तू मला सांगितलंस. फक्त मला. त्या मे महिन्यात बाबांशी तुझं वाजलं होतं. तुला सोयाबीन सोडून अर्ध्या वावरात भाजीपाला लावायचा होता, ते नाही म्हणत होते, आणि चार दिवस दोघांत बोलणं नव्हतं. दुपारी तू खांद्यावर पाइप घेऊन बांधावरून निघालास. बाबा कडुलिंबाखाली टेकून बसले होते. तुला वाटलं, रुसलेत. तू थांबला नाहीस. दोन तासांनी शेजारच्या वावरातल्या भिवाजीकाकांनी हाक मारून पाहिली तेव्हा कळलं, त्यांचं कधीच संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि हृदय. कधी गेले ते कोणालाच सांगता आलं नाही. तुझ्या आवाजानं काही झालं असतं की नसतं, हेही कोणाला सांगता येणार नाही. हे मी तुला तेव्हाही म्हटलं होतं. तू म्हणालास, ‘मायले नोको सांगू.’ मी मान हलवली. एवढंच मला करायचं होतं आयुष्यात, गप्प बसायचं.

आणि मी ते छापलं. आता हेही कबूल करते की ते चुकून झालं नाही. त्या पानावर मी आठ दिवस अडकले होते. म्हातारा मालक बाकावर टेकून बसलाय, माळी हातगाडी ढकलत जवळून जातो. वाचता वाचताच मला वावर दिसलं. मी ते दूर ढकलत राहिले, काहीबाही लिहीत राहिले, सगळं खोटं वाटत होतं. मग एका सकाळी तुझं वाक्य लिहिलं आणि पान पुरं झालं. मला आनंद झाला, जगदेव. आनंदानं मी दुसरा चहा केला. यापेक्षा वाईट काही मी तुला सांगू शकत नाही.

नाही, शकते. त्या ग्रिगनं मालकाच्या औषधाची बाटली लपवली होती. त्यानं जाणूनबुजून मारलं. तू काही लपवलं नव्हतंस, तू फक्त रागात होतास. निर्दोष माणसाचं बोलणं मी खुन्याच्या तोंडी घातलं, आणि आता सगळा महाराष्ट्र त्याला वा वा म्हणतोय. ‘मी खुनी हाय असं ताईले वाटते,’ असं तू सुचिताला म्हणालास. मला तसं वाटत नाही. कधीच वाटलं नाही. पण मी तुला हे कोणत्या तोंडानं सांगू?

रक्षाबंधन जवळ आलंय. राखी याच पाकिटात आहे. बांधली नाहीस तरी चालेल, फेकू नकोस.

ज्योत्स्ना


वाशिम, ३० ऑगस्ट

जगदेव,

घाईत लिहिते आहे, कारण गोष्ट घाईची झाली आहे.

सुचिताचा फोन आला होता. मायनं शेजारच्या नानीबाईला वाचनालयात पाठवलं म्हणे. नानीबाईनं देवमनला विचारलं, सतरावं आलं का. देवमन बिचारा खरं बोलला. आलं, चार महिने झाले, आणि जगदेवनं नेलं ते परतच केलं नाही. नानीबाईनं ते जसंच्या तसं मायला येऊन सांगितलं. माय तुला काही बोलली नाही. पण सुचिता म्हणते, त्या दिवसापासून तिनं पुस्तकाचं विचारणंच बंद केलंय. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडते.

एकोणऐंशीची आहे ती. तिला वाटत असेल, त्या पुस्तकात तिच्याबद्दलच काही वाईट लिहिलंय, नाहीतर पोरांचं काही बिनसलंय. नाहीतर आणखी काही. दोन्ही पोरं तिच्यापासून काहीतरी लपवताहेत एवढं तिला नक्की कळलंय.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते मी केलंय, ते ऐक. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. इतके उलटसुलट अभिप्राय आल्यामुळे प्रकाशकांनी स्वतःच विचारलं, माळ्याची भाषा प्रमाण करायची का. मी म्हटलं, भाषा राहू दे, पण दोनशे बारावरचं ते वाक्य मी बदलून देते. तर तिकडची मुद्रितं तपासणारी बाई वैतागली. पहिल्या वेळी या वाक्यावरून मीच तिच्याशी आठवडाभर भांडले होते. तिला ‘आवाज नाई देला’ म्हणजे माळी मुका आहे की काय, असं वाटलं होतं. तिनं ‘हाक मारली नाही’ असं केलं, मी परत ‘आवाज’ केलं. पुन्हा तिनं, पुन्हा मी. मी तिला तोऱ्यात सांगितलं होतं, आमच्याकडे माणसाला हाक मारत नाहीत, आवाज देतात. आता मीच ते वाक्य काढा म्हणतेय, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, लोकांनी तेवढंच तर उचलून धरलंय.’ मी म्हटलं, असू दे.

नवीन वाक्य मी असं केलंय: ‘म्या पाह्यलं आन तसाच पुढं गेलो.’ अगदी मुळाबरहुकूम. त्यात तू नाहीस, बाबा नाहीत, आपलं वावर नाही. नोव्हेंबरात नवी प्रत येईल, ती मायला दे. सुचिता वाचून दाखवील आणि मायला काही कळणार नाही. तोवर तिला म्हण, देवमनची प्रत उंदरांनी कुरतडली. काहीही म्हण. फक्त पेटीतली प्रत तिच्या हाती पडू देऊ नकोस.

प्रकाशकांना पक्का मजकूर ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत हवा आहे. पाठवून टाकते. खरं तर आजच पाठवायला हवा होता, पण आज हात चालत नाही.

ताई


वाशिम, ९ ऑक्टोबर

जगदेव,

तुझा फोन येऊन तास झाला. फोनवर आपण दोघं मिळून दीड मिनिट बोललो असू, त्यातला निम्मा वेळ तू एकच गोष्ट सांगितलीस. बाकीचं सगळं मला सुचितानं काल सांगितलं होतं. ते मी इथे लिहून तुला पाठवते आहे. तू म्हणशील, मी तिथं होतो, मले काय सांगतं. पण मागच्या वेळी मी तुझं बोलणं तुला न विचारता उचललं. या वेळी आधी तुला दाखवते. चुकत असेल तिथं खोड.

सुचिता म्हणाली, सोयाबीन सोंगून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू जेवण करून उठलास, शेडमध्ये गेलास आणि पुस्तक घेऊन आलास. मायच्या खाटेशी बसलास. सुचितानं हात पुढे केला तर तू म्हणालास, ‘मी वाचतो.’ तुझं वाचणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. या पुस्तकाआधी, सातवीनंतर तू सातबारा आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांशिवाय काही वाचलेलं नव्हतंस. बोट ठेवून, अडखळत, इंग्रजी नावांना शिव्या देत तू सहा दुपारी वाचलंस. माय पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करूनच पडली होती. दुसऱ्या दिवशी वळली. ग्रिग बोलायला लागल्यावर हसली आणि म्हणाली, ‘हा तं तुह्यावानी बोलते.’ तू म्हणालास, ‘हो. मीच हावो तो.’ तिला वाटलं तू गंमत करतोस.

सहाव्या दुपारी ते पान आलं. तू थांबलास. सुचिताला वाटलं, आता हा पान उलटून पुढे जाईल, मायला काय कळणार आहे. माय म्हणाली, ‘वाच नं.’ तू वाचलंस. मग पुस्तक मांडीवर पालथं ठेवलंस आणि म्हणालास, ‘माय, हे त्या माळ्याचं नाई. हे माहं बोलनं हाये. बाबा लिंबाखाली बसले होते तव्हा म्या पाह्यलं होतं.’

सुचिता म्हणते, माय खाटेवर उठून बसली. तिनं पदरानं तोंडही पुसलं नाही. नुसती तुझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली,

‘तो रुसून नव्हता बसला रे बापा. भाकरीची वाट पाहून राह्यला होता.’

तू काही विचारायच्या आधी तीच सांगत गेली. तुझ्या भाजीपाल्यासाठी ती आदल्या रात्री बाबांशी भांडली होती. तुझ्या बाजूनं. ‘पोराचं एक ऐकत नाई तं भाकर बी नाई’ म्हणाली होती. सकाळी ते तसेच वावरात गेले. तिनं दुपारी भाकर बांधली, वावरात न्यायला नानीबाईच्या पोराला द्यावी म्हणून दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिला वाटलं, बसू दे आज उपाशी. संध्याकाळी उतरंडीवर ती बांधलेली भाकर तशीच होती, आणि दारात माणसं. ती भाकर तिनं कोणाला न दिसता गाईला घातली. अकरा वर्षं ती हे धरून बसली होती आणि तिला वाटत होतं, जगदेवला कळलं तर तो म्हणेल, माझ्यापायी मायनं बापाला उपाशी मारलं.

आपण तिच्यापासून लपवत होतो, जगदेव. आणि ती तुझ्यापासून. मी पोटची पोर, तिच्याजवळ बसायची, तिला साहेबाच्या गोष्टी सांगायची, आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही की त्या दिवशी बाबांची भाकर कोणी नेली होती. शिकलेली मी. सतरा पुस्तकं खुनी शोधत बसले.

सुचिताला मी विचारलं, मग काय झालं. ती म्हणाली, काही नाही. तू खाली जमिनीवर बसलास, मायनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला, दोघंही रडले नाहीत. मग माय म्हणाली, ‘पुढं वाच. साहेबानं पकडलं का त्याले?’ तू म्हणालास, पकडलं. तिनं विचारलं, फाशी होते का. तू म्हणालास, तीस पानं उरली, माहीत नाही. तुला माहीत होतं. तर माय म्हणाली, ‘आज नोको वाचू. जोत्स्नाले इचार, सोडवता येते का त्याले.’

ते ऐकून मला रात्र जड गेली. तिला कसं सांगू की ते माझ्या हातात नाही, मी फक्त मराठीत आणते? ग्रिगनं बाटली लपवली होती, त्याला सोडवता येणार नाही. पण मी तिला ते पत्रात सांगणार नाही. मी सोमवारी सकाळच्या बसनं येते आहे. उरलेली तीस पानं मी वाचीन. ती रागावली तर माझ्यावर रागावू दे.

आणि आता तुझा फोन. मी स्वयंपाकघरात होते. तुझं नाव दिसलं आणि मी ओल्या हातानंच उचलला. मला वाटलं, आता शिव्या देशील. द्यायलाच हव्या होत्यास. तू ‘ताई’ म्हणालास. मी बाबांचं, मायचं काही बोलायला गेले तर म्हणालास, ‘ते राहू दे. ऐक. पान दोनशे बारा. तू देला लिवलं. आपन देल्ला म्हनतो. दोन ल. पाहाय बरं, तुले वाशिमचं पानी लागलं.’

मी म्हटलं, ते वाक्य मी काढते आहे, उद्याच पाठवायचं आहे.

‘कायले काढतं?’ तू म्हणालास. ‘बरोबर कर आन राहू दे.’ आणि ठेवलास.

मग मी टेबलाशी बसले. नवीन वाक्यावर काट मारली, जुनं परत लिहिलं, त्यात एक ल वाढवला आणि आत्ताच पुण्याला पाठवून दिलं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईचा फोन येईलच. तिला सांगेन, वाचकाची दुरुस्ती आहे.

ताई